तात्यासाहेबांचं वजन

"आरं हळू! बोकड सोलतोयस का माणूस?" भाऊसाहेब शेळमकर स्टुलावर बसल्या बसल्या ओरडले.

मी हळूच करत होतो. माझ्या हातात दाढीचं रेझर होतं आणि समोर संस्थेच्या थोरल्या विश्वस्तांची उघडी पाठ. पाठ कसली, भिजलेलं पायपुसणं. मानेपासून कमरेपर्यंत काळे, कुरळे, घामानं चिकटलेले केस. त्यात रुतलेली सोन्याची साखळी. साखळीखाली जन्मात कधी वारा लागला नसेल अशा जागी एक गोल, लाल, खवलेदार गजकर्ण. वर भाऊसाहेबांनी अत्तर मारलेलं. ते अत्तर, आदल्या रात्रीचं मटण आणि माझं स्पिरिट असे तीन वास एकत्र आले आणि माझे सकाळचे पोहे घशापर्यंत येऊन परत गेले.

"गजकर्णावर पट्टी लावू नको," तहसीन लॅपटॉपमागून पुटपुटली. "मशीन पुण्याचं आहे, बिचाऱ्याला कशाला लागण."

तहसीन मुजावर माझ्याच वर्गातली. शेळमकर फिजिओथेरपी कॉलेजात आम्ही दोघं शेवटच्या वर्षाला होतो, आणि हे सगळं माझ्या प्रबंधासाठी चाललं होतं. विषय तसा साधा होता. खांद्यावर वजन आलं की गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलरबोन, खाली दबायला बघतं. मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपिझियस नावाचा स्नायू त्याला वर धरून ठेवतो; खांदे उडवतो तोही हाच. स्नायू काम करायला लागला की त्यात बारीकशी वीज तयार होते. कातडीवर पट्ट्या चिकटवायच्या, ती वीज मोजायची, हाडावर एक चपटी चकती लावून हाड किती हललं ते बघायचं, आणि दोन्हींचा मेळ घालायचा. एवढंच.

वजन उचलतानाचे आलेख आमच्याच ज्युनियर पोरांवर घेऊन झाले होते. अडलं होतं विश्रांतीवर. माणूस काहीच करत नसताना स्नायू किती शांत असतो, तो आलेख आधी लागतो; बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं असतं. पण पोरं शांत बसतील तर ना! पट्टी लावली की खिदळायची, एकमेकाला गुदगुल्या करायची. लॅपटॉपवर सपाट रेघेऐवजी सह्याद्री उमटायचा. आणि मशीन संध्याकाळी पुण्याला परत जाणार होतं. विश्रांतीचा आलेख नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर डिग्री नाही. मिरजेच्या एका हॉस्पिटलात माझी नोकरी ठरली होती. डिग्री घेऊन या, खुर्ची तयार आहे, असं ते म्हणाले होते.

यावर तोडगा काढला आमचे गाईड डॉ. वाळिंबे सरांनी.

"विश्वस्तांचा आलेख घेऊ," ते म्हणाले होते. "त्यांच्याइतकं शांत या संस्थेत कोण बसतं?"

यात विनोद नव्हता. वाळिंबे सर विनोद करत नसत. त्यांना दोन्ही विश्वस्तांना मशीन दाखवून खूश करायचं होतं, म्हणजे संस्था मशीन विकत घेईल आणि सर त्याचे विभागप्रमुख होतील. त्यासाठी त्यांनी स्वतः मजकूर लिहून एक फ्लेक्सही लावला होता, थेट गेटवर. वर संस्थापक तात्यासाहेब शेळमकरांचा मोठा फोटो. खाली दोन्ही चिरंजीव हात जोडून. आणि मध्ये ठळक अक्षरात:

'विज्ञानासाठी खांदा देऊ या! हाडाचे समाजसेवक मा. भाऊसाहेब व मा. पिंटूदादा आज स्वतः खांदा देणार!'

तात्यासाहेब तेव्हा आजारी होते. शेजारच्या बंगल्यात कित्येक महिने अंथरुणाला खिळून. फ्लेक्सवाल्यानं वयस्कर माणसाचा फोटो बघितला, 'खांदा देणार' वाचलं, आणि सवयीनं फोटोभोवती झेंडूचा हार टाकून दिला.

"सर, हे जरा वेगळं वाटतंय," मी सकाळी गेटवर म्हणालो होतो.

"रंग चांगले आलेत," सर म्हणाले.

असो. तर मी भाऊसाहेबांच्या खांद्यावर कॉलरबोन शोधत होतो. शास्त्राप्रमाणे ते प्रत्येकाला असतं. मी बोटं रुतवली, दाबली, पुढून गेलो, मागून आलो. हाताला लागत होती ती नुसती साय. थंडगार, घामट, बोटाखालून सटकणारी.

"काय शोधतोयस?" भाऊसाहेब.

"हाड, साहेब."

"हाडाचे समाजसेवक," तहसीन लॅपटॉपमध्ये तोंड घालून म्हणाली.

शेवटी जिथं असायला पाहिजे तिथं चकती चिकटवली आणि मोकळा झालो. धाकट्या पिंटूदादांचं सोपं गेलं. ते जिममध्ये जात, अंगाला तेल लावत आणि ते धूत नसत. स्पिरिटचा कापूस फिरवला की काळाच व्हायचा. माझ्या खांद्यावर पट्ट्या होत्याच, सकाळी मशीन तपासायला मी त्या स्वतःवर लावल्या होत्या. साहेब मंडळी घाबरू नयेत म्हणून सरांनीही आपल्या खांद्यावर लावून घेतल्या. चौघांच्याही कमरेला काडेपेटीएवढी एकेक डबी. वायर नाही, काही नाही. माणूस जाईल तिथं डबी सगळं टिपत राहणार.

"आता फक्त शांत बसायचं," मी म्हणालो. "खांदे सैल. काही करायचं नाही."

"ते जमतंय आपल्याला," पिंटूदादा म्हणाले.

कुठलं जमतंय! भाऊसाहेबांचा फोन वाजला.

"हॅलो... कोण? ... आरं कोण गेलं? ... तात्या? कुणी सांगितलं? ... फ्लेक्सवर? ... आरं शिंच्या, त्यो विज्ञानाचा खांदा हाय!"

ठेवला. परत वाजला. मग पिंटूदादांचा वाजला. मग शिपाई आत आला आणि म्हणाला की तालुका संघाचे लोक हार घेऊन गेटवर उभे आहेत, काय करू? भाऊसाहेब हात नाचवत बोलत होते, पिंटूदादा दुसरीकडं, आणि तहसीनच्या पडद्यावर रेघा अशा उसळत होत्या की भूकंपमापक यंत्रालाही घाम फुटला असता.

"सर, विश्रांती काही येत नाही," ती म्हणाली.

"येईल, येईल," वाळिंबे सर म्हणाले.

तेवढ्यात बंगल्यावरून फोन आला. भाऊसाहेबांनी नुसतं ऐकलं आणि खेकसले, "कळलं ओ! सकाळपासनं त्येच ऐकतोय. म्हातारं दूध पिऊन झोपलंय मगाशी. फ्लेक्स चुकलाय, फ्लेक्स!" आणि कट केला.

परत वाजला. या वेळी पलीकडून बाईंचा आवाज एवढा मोठा होता की आम्हालाही ऐकू आला. "अहो, फ्लेक्स नव्हं! मी उशाशी बसून बोलतेय. मामंजी गेले."

मी मान खाली घातली. बाप गेल्यावर माणूस पहिला शब्द काय बोलतो ते ऐकायची माझी ती पहिलीच वेळ होती.

"पुढचा उजवा माझा," भाऊसाहेब म्हणाले.

"का म्हणून?" पिंटूदादा म्हणाले. "आजवर सगळ्या फोटोत उजवीकडं तूच हाईस."

"थोरला मी हाय."

"थोरल्यानं मडकं धरायचं असतं. पुढं. जा की मडकं घेऊन."

"मडकं चुलत्याच्या सुभ्याला दे. मडकं धरलं की माणूस खाली बघतो. फोटोत तोंड येत न्हाई."

सांगायला पाहिजे असं नाही, पण सांगतो. संस्थेचं चेअरमनपद त्या क्षणापासून रिकामं झालं होतं. उद्याच्या पेपरात तिरडीच्या पुढच्या उजव्या बांबूखाली ज्याचा चेहरा, तो वारस, हे त्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेवटी दोघांनी वाटणी केली: घरापासून चौकापर्यंत उजवा थोरल्याचा, चौकापासून मैदानापर्यंत धाकट्याचा. पेपरवाल्याला दोन्हीकडं उभं राहायला सांगायचं.

मी म्हणालो, "साहेब, पट्ट्या काढून घेतो."

पिंटूदादांनी घाईघाईत स्वतःच एक पट्टी ओढली. त्या पट्ट्या घामातही सुटू नयेत अशा बनवलेल्या असतात. पट्टीबरोबर तेलकट केसांचा एक पुंजका निघाला आणि पिंटूदादा छताला तोंड करून किंचाळले, "आई गं! मेलो!"

बाहेर गेटवर हार घेऊन उभे असलेल्यांनी ते ऐकलं. एकदम हंबरडा फुटला. "धाकट्याला सहन होईना ओ!" कुणीतरी म्हणालं, आणि दहाबारा माणसं आत घुसून पिंटूदादांच्या गळ्यात पडली. पिंटूदादांनी पट्टी परत दाबून चिकटवली.

"राहू दे," भाऊसाहेब कुडता चढवत म्हणाले. "रातच्याला बघू. पाणी लागलं तर करंट बसंल का?"

"सांगता येत नाही," वाळिंबे सर म्हणाले. त्यांना चांगलं माहीत होतं की काही बसत नाही. पण मशीन पुण्याचं होतं आणि डबीत पाणी जायला नको होतं.

म्हणून मग दोन्ही चिरंजीवांनी बापाच्या अंत्यसंस्काराआधी अंघोळ केली नाही. भटजींनी दोन थेंब डोक्यावर शिंपडले. घामाच्या वासावर अत्तराची अख्खी बाटली रिती झाली. ते दोघं जवळून गेले की उदबत्त्याही विझतील असं वाटायचं.

"कुंभोजकर, तू त्यांच्या मागंच राहा," सरांनी माझ्या कानात सांगितलं. "डबी कुठं पडली तर तुझी टर्म, माझी खुर्ची आणि पुण्याचं मशीन, तिन्ही एकदम जातील."

म्हणून मी मागं राहिलो. दिवसभर. पाहुणे येईपर्यंत तात्यासाहेबांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. पुढारी येत होते, हार घालत होते, रुमालानं कोरडे डोळे पुसत होते, मग बाजूला जाऊन चहा मागत होते. बर्फाच्या पाण्यात झेंडू कुजत होता. एका मोठ्या नेत्याला उशीर झाला म्हणून तिरडी तशीच थांबवून ठेवली. माशा मात्र वेळेवर आल्या होत्या.

ऊन उतरल्यावर "उचला!" झालं. पुढं उजवीकडं भाऊसाहेब, डावीकडं पिंटूदादा. मागं उजवीकडं वाळिंबे सर घुसले, कारण फोटो मागूनही निघतात. मागचा डावा बांबू मोकळा होता. मी डबीवर डोळा ठेवून शेजारीच उभा. उंचीनं ताडमाड.

"ओ उंच पाव्हणं!" गर्दीतून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघताय काय, धरा की!"

आणि बांबू माझ्या खांद्यावर आला.

सांगतो, मी काही श्रावणबाळ नव्हतो. मला तात्यासाहेबांची दोन भाषणं सोडून काही माहीत नव्हतं. वजन आलं तसे मी गुडघे वाकवून बघितले, बांबू खाली माझ्यामागं आला. मान काढून बघितली, बांबू मानेवर आला. पाय पुढं, डोकं मागं, असं नेतात. म्हणजे डोक्याकडचा सगळा जड भाग आमच्याकडं. मला पुढचं काही दिसत नव्हतं. डोळ्यापुढं हारांचा ढीग आणि त्यातून डोकावणारं तात्यासाहेबांचं नाक, त्यात कापूस. चटईतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. ते बरोबर माझ्या कॉलरवर पडायचं, मानेवरून आत घुसायचं आणि पाठीच्या कण्यावरून सरळ पँटपर्यंत जायचं. त्या पाण्याला वास होता. कसला ते मी आजही कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी तोंड मिटून, श्वास रोखून चाललो. चौकात जागा बदलली, पेपरवाला पुढं पळाला, लोक 'अमर रहे' ओरडले. मागचा डावा कुणी बदलला नाही. त्या बांबूला फोटो नव्हता.

मैदानावर उतरवलं तेव्हा माझा हात वर होईना. मी एका कडुनिंबाच्या आडोशाला गेलो आणि सकाळपासून अडवून ठेवलेले पोहे एकदाचे ओकलो.

"पाव्हण्यांचा लई जीव होता बगा," मागं कुणीतरी कळवळून म्हणालं.

मशीन परत करायला एक दिवस वाढवून मिळाला. दुसऱ्या दिवशी सुतकातल्या बंगल्यावर जाऊन मी दोघा साहेबांच्या पट्ट्या खोबरेल तेल लावून लावून सोडवल्या. पट्टीखाली रात्रभरात जे शिजलं होतं ते मी तिथल्याच पेपरला पुसत होतो.

"ए, ए! त्यो पेपर नको!" भाऊसाहेब ओरडले. "फोटो हाय आतल्या पानावर!"

"कुणाचा मोठा आलाय?" पिंटूदादांनी विचारलं.

कॉलेजात परत आलो तेव्हा तहसीननं चारही डब्या लॅपटॉपला जोडल्या. मी हात धूत होतो. किती वेळा धुतले कुणास ठाऊक, वास जात नव्हता.

"कुंभ्या," ती म्हणाली, "तुझी डिग्री वाचली. साहेबांचा विश्रांतीचा आलेख मिळाला. काय सपाट आहे बघ! एवढी शांत रेघ मी पुस्तकातसुद्धा बघितली नाही. झोपले होते का रे दुपारचे?"

मी ओल्या हातानं जवळ गेलो. खरंच सुंदर होता. भाऊसाहेबांचा ट्रॅपिझियस निर्वाणाला गेला होता. पिंटूदादांचाही. कॉलरबोन जागच्या जागी, केसभरही खाली दबलेलं नाही.

"कधीचा आहे हा?"

तिनं खालची वेळ वाचली. मग थांबली. चकतीत चालताना बसणारे हिसकेही टिपले जातात. रेघेवर बारीक, एकसारखे दाते होते. पावलं. माणूस चालत होता. हळू, मिरवणुकीतल्यासारखा. मध्येच थोडा वेळ थांबला होता, चौकात जागा बदलायला थांबतात तेवढा.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"नाही रे," तहसीन म्हणाली. "असं कसं असेल?"

तिनं टेबलावरचा पेपर ओढला. फोटो मोठा होता. दोन्ही चिरंजीव पुढं, चेहऱ्यावर दुःख, नजर कॅमेऱ्यात. तहसीननं बोट ठेवलं ते चेहऱ्यांवर नाही. बांबूच्या खाली, फोटोच्या कडेला, कमरेत वाकलेली माणसं होती. कार्यकर्ते. साहेब झाकले जाऊ नयेत म्हणून वाकून बांबू खालून हातांवर तोललेला. भाऊसाहेबांचा कुडत्याचा खांदा आणि बांबू यांच्यामधून पाठीमागचा विजेचा खांब दिसत होता.

"या अल्ला," ती म्हणाली. "टेकवलासुद्धा नाही?"

"सरांचा लाव," मी म्हणालो.

सरांचा तसाच. समुद्र शांत. मग तिनं माझा लावला आणि पडदा अपुरा पडला. रेघ वरून खालून बाहेर जात होती. कॉलरबोन खाली, ट्रॅपिझियस जिवाच्या आकांतानं ओढतोय, परत खाली, परत ओढतोय, घरापासून मैदानापर्यंत.

वाळिंबे सर आले आणि पडदा बघून त्यांचा चेहरा उजळला.

"सुंदर! विश्रांती मिळाली म्हणायची!"

"सर," मी म्हणालो, "हे तिरडी नेतानाचं आहे."

सरांनी चष्मा लावून बघितलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, ते हुशार होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"कुंभोजकर, स्नायूला तिरडी कळते का? त्याला टेबल कळतं, खुर्ची कळते, बाप कळतो? स्नायू शांत आहे, म्हणजे विश्रांती. शास्त्र असंच असतं."

"आणि तुमचा, सर?" तहसीननं विचारलं.

"माझी उंची कमी आहे. बांबूच पोचत नव्हता. त्यात माझा काय दोष?"

"पण सर, हे असं छापायचं?" मी म्हणालो. "बापाला खांदा देताना..."

"नाव कुठं छापायचंय? 'दोन निरोगी प्रौढ पुरुष, पूर्ण विश्रांतीत.' सही पाहिजे ना माझी? मग संध्याकाळी मशीन पुण्याला, आणि हा आलेख प्रबंधात."

सर गेल्यावर तहसीन म्हणाली, "गप्प बस आणि डिग्री घे. मिरजेची खुर्ची वाट बघत्येय. जगात याहून घाण गोष्टी छापून येतात."

मी गप्प बसायचं ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तोपर्यंत भाऊसाहेब चेअरमन झाले होते, पिंटूदादा उपाध्यक्ष, आणि सरांच्या नव्या खोलीला नव्या रंगाचा वास होता. बाहेरून परीक्षक म्हणून नागपूरच्या डॉ. खापरे मॅडम आल्या होत्या. किरकोळ बांधा, जाड भिंगांचा चष्मा, प्रबंधाची पानं थुंकी न लावता उलटणाऱ्या. शेजारी सर. भिंतीजवळच्या बाकावर तहसीन, तिचा नंबर माझ्यानंतर होता.

मॅडमनी बरंच काही विचारलं, मी सांगितलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग त्या एका पानावर थांबल्या. पान जवळ नेलं, लांब नेलं.

"हे विश्रांतीचे आलेख," त्या म्हणाल्या. "कमाल आहेत. मी इतकी वर्षं हे काम करते, पण इतका निवांत खांदा मला बघायला मिळाला नाही. आमच्याकडं माणूस आडवा झोपवला तरी थोडी वळवळ असतेच. तुम्ही नेमकं काय केलंत?"

मी तोंड उघडलं, पण सरांनीच उत्तर दिलं.

"ध्यान, मॅडम. आमच्या संस्थेची परंपरा आहे. दोघंही ज्येष्ठ साधक आहेत. डोळे मिटले की देहभान राहत नाही."

"वा," मॅडम म्हणाल्या आणि खरंच हातातल्या पेन्सिलीनं ते टिपून घ्यायला लागल्या.

आणि मला तो वास आला. त्या पाण्याचा. मानेवरून उतरून खाली जाणाऱ्या. मी गिळायचा प्रयत्न केला, पण काही गोष्टी गिळल्या जात नाहीत.

"ध्यान नाही, मॅडम," मी म्हणालो. "बापाला खांदा देत होते."

मॅडमची पेन्सिल थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे तिरडीखाली होते. चालत. पट्ट्या काढायला वेळ झाला नव्हता. पुढच्या दोन बांबूंखाली हे दोघं."

सरांनी टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. बूट नवा होता, चांगलीच लागली. मॅडम परत आलेखाकडं बघायला लागल्या. त्या चिडतील, हसतील किंवा बाहेर काढतील असं मला वाटलं. पण त्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी बोट रेघेवर ठेवून, त्या बारीक दात्यांवरून पावलापावलानं शेवटपर्यंत नेलं.

"मग वजन कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"पुढचं कार्यकर्त्यांच्या हातांवर, मॅडम. वाकून धरलं होतं, फोटोत येऊ नये म्हणून. मागचं माझ्याकडं होतं."

"मागं तुम्ही एकटे?"

मी सरांकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं.

प्रबंध मिटून त्यांनी तो टेबलावर माझ्याकडं सरकवला. "हे पान चालणार नाही. नवी माणसं घ्या, परत मोजा, पुढच्या टर्मला या. नोकरीबिकरीला कुठं सांगितलं असेल तर कळवून टाका, ही टर्म गेली तुमची." मग म्हणाल्या, "तुमचा स्वतःचा आलेख असेल तर मात्र मला द्या. शिकवायला चांगला आहे."

मग त्या सरांकडं वळल्या.

"आणि डॉक्टर, मार्गदर्शक म्हणून हे सगळं तुमच्या नजरेखालून गेलं असेलच. तुमचं काय म्हणणं?"

वाळिंबे सरांनी छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही खांदे कानापर्यंत उडवले.

बाकावरून तहसीनचा आवाज आला, "आहे म्हणायचा. ट्रॅपिझियस आहे."